पाच फुटी सावरीची उशी, शहापूरची

दुकानाला पाटी नाही. बेळगावातल्या शहापूरच्या खडेबाजाराजवळ एका गल्लीच्या तोंडाला गाद्यांची चवड दिसते, आत पिंजायचं मशीन, आणि दारात बसलेल्या मामांच्या भुवयांवर कायम कापूस. तिथं पाचव्या महिन्यात मी एक उशी करून घेतली. गरोदरपणातल्या उशीबद्दल वाचायला जावं तर सगळं ऑनलाइनच्या मालाचंच असतं, म्हणून हे लिहितेय.

आधी माझं प्रकरण सांगते, नाहीतर पुढचं लागायचं नाही. पोटातलं बाळ माझं नव्हतं, ताईचं होतं. तिची पिशवी काढलीय. बीज तिचं नि भाऊजींचं, जागा माझी. सरोगसीच्या 2021 च्या कायद्यानं यात पैसे घेता येत नाहीत, दवाखान्याचा खर्च आणि 36 महिन्यांचा विमा तेवढा करून देतात. बाईला स्वतःचं मूल असावं लागतं, वय 25 ते 35, आणि आयुष्यात एकदाच. मी 32 ची, पोरगी दुसरीत. विम्यात उशी बसत नाही, ती मी माझ्या पैशानं घेतली.

पहिल्या तीन महिन्यांत उशीबिशी काही सुचतच नव्हतं. गर्भ बाहेरून आणून ठेवलेला, त्यामुळं वार, म्हणजे प्लॅसेंटा, आपलं काम सुरू करेपर्यंत गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन मला बाहेरूनच चालू होतं. तेलातलं इंजेक्शन, रोज एक, आज डाव्या कुल्ल्यावर तर उद्या उजव्या. दोन्हीकडं सुपारीएवढ्या गाठी. गरम पाण्याची पिशवी ठेवून जरा बरं वाटायचं, पण टेकलं की कळ. बायकांना बस फुकट असलेल्या कर्नाटकातल्या शक्ती योजनेचं शून्य तिकीट हातात, शेजारची सीट रिकामी, आणि मी बेळगावपर्यंत उभी. कंडक्टर आपला ‘कूतकोळ्री अक्का, कूतकोळ्री’ म्हणून बसवायला बघायचा. कुठं दुखतंय ते त्याला काय सांगणार!

मळमळीसाठी उशाशी चुरमुऱ्यांचा डबा. मूठभर खायचे आणि मगच पाय खाली टाकायचे. तेवढ्यानं भागेना तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली. ताई फोनवर म्हणाली, ‘शक्यतो गोळी नको गं, बाळाला काही झालं तर?’ मी म्हटलं, ‘ओकतेय मी.’ मग ती गप्प.

पाचव्यात कंबर धरली. उताणं झोपलं की पोटाचा भार आतल्या मोठ्या शिरेवर येतो, मला तर घेरीच यायची. सही घेताना सगळं कळेल अशा भाषेत सांगायचं हे त्या कायद्यातच आहे, त्यामुळं फॉर्म मला मराठीत समजावून दिला. तपासणीच्या दिवशी सिस्टर मात्र कानडीत एवढंच म्हणायच्या, ‘एडगडे मलग्री.’ डाव्या कुशीवर झोपा. झोपते की, पण वरचा गुडघा ठेवू कुठं?

ताईनं ऑनलाइन मागवून पाठवली होती, ती घोड्याच्या नालासारखी, अठराशे रुपयांची. आत फायबर. पंधरा दिवसांत चपटी, रात्रभर घाम, आणि कॉटवर आमच्या ह्यांना जागाच नाही. ते खाली चटईवर, पोरगी माझ्या पायाशी.

मामांनी टेप काढलाच नाही. सुतळीचा तुकडा दिला आणि म्हणाले, कुशीवर झोपून हनुवटीपासून घोट्यापर्यंत मापून आण. दुसऱ्या दिवशी गाठ मारलेली सुतळी घेऊन गेले. ‘कितवा?’ पाचवा. ‘पहिलं?’ दुसरं, पण माझं नाही, बहिणीचं आहे. त्यांनी मशीन बंद केलं, बघितलं माझ्याकडं, म्हणाले, ‘असू दे. कंबर तुझीच दुखणार की.’ आणि मशीन परत सुरू. त्या दिवसांत मला भेटणारा प्रत्येक माणूस एकतर पोटाकडं बघायचा नाहीतर माझ्या मनाचा मोठेपणा काढायचा. कमरेचं नाव घेणारे हे पहिले.

कापूस स्वस्त, पण दबतो आणि गोळे होतात. सावरी, म्हणजे सावरीच्या झाडाचा रेशमासारखा कापूस, महाग, पण हलकी आणि दाबली तरी परत फुगते. मी सावरी घेतली, कापड पट्ट्याचं गादीपाट. पोटाखाली भरण कमी, गुडघ्याशी जास्त, आणि सरकू नये म्हणून मध्ये दोन ठिकाणी आडवे टाके. सगळे मिळून 1,650.

पहिल्या रात्री मी चार तास सलग झोपले. गुडघा वर राहिला की कमरेचा ताण जातो, एवढं साधं होतं ते. छातीत जळजळायचं तेव्हा वरचं टोक दुमडून खांद्याखाली घ्यायची. मात्र जेवण सातलाच आटपलं तर. दुपारी तिच्यावरच पाय. पोटरीत गोळा आला तर उशी काही करत नाही, पायाची बोटं आपल्याकडं ओढून धरायची. लोहाच्या गोळीनं शौचाला खडा होतो त्यालाही नाही, ते काम इसबगोलचं. आणि चौतिसाव्या आठवड्यात चेहरा सुजला, बांगडी निघेना, तेव्हा उशीवर पाय ठेवून बसले नाही, तडक दवाखाना गाठला. अशा गर्भारपणात बीपी चढायची भीती जरा जास्त, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. चढलेलंच होतं. दोन दिवस ठेवून घेतलं.

आता तक्रारी. चार दिवसांत देतो म्हणाले, अकराव्या दिवशी दिली. आठव्या महिन्यात गुडघ्याजवळची शिवण उसवली. सावरी हवेत उडते, नाकात जाते, आणि तेवढं पोट घेऊन शिंकणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. शिवण फुकट घालून दिली, पण दोन तास स्टुलावर बसवून. उशी धुता येत नाही. आमच्याकडं आषाढात आठ-आठ दिवस ऊन नसतं, कुबट वास येतोच. पंख्याखाली उभी करून ठेवायची. अभ्रा ते देत नाहीत, मी जुन्या सुती लुगड्याचे दोन शिवले.

पाचपैकी चार तारे. एक उशिराबद्दल कापला.

बाळ आता कोल्हापूरला ताईकडं आहे. परवा फोनवर म्हणाली, बाटली देताना हात भरून येतो, तुझी ती उशी पाठव ना. मी दुकानाची खूण सांगितली. म्हटलं, येताना सुतळी मापून आण.