हाडाच्या बारा बॉबिनी: माझी फसवणूक कशी झाली

जुन्या, हाताळून गुळगुळीत झालेल्या हाडाच्या बॉबिनी म्हणून मी २०२३ च्या डिसेंबरमध्ये ज्या बारा बॉबिनी ३८० पौंडांना विकत घेतल्या, त्यांपैकी एकही जुनी नव्हती. हे कळल्यानंतर मी चार महिने कोणाजवळही त्याबद्दल बोलले नाही, आणि त्या चार महिन्यांत त्याच माणसाने आमच्याच परिसरातील आणखी एकीला फसवले. इंग्लंडमध्ये राहून बॉबिन लेस शिकणाऱ्या काही मराठी मैत्रिणी माझ्या परिचयाच्या आहेत, आणि पुण्यात राहून इथून साहित्य मागवणाऱ्याही एक-दोघी आहेत. त्यांच्यापैकी कोणावर ही वेळ येऊ नये म्हणून घडले ते सारे, माझ्या चुकांसह, मी इथे लिहीत आहे.

आपल्याकडे लेस म्हटले की क्रोशाच्या सुईने विणलेली लेस डोळ्यांसमोर येते, आणि बॉबिन म्हटले की शिवणयंत्रातली. बॉबिन लेसचा या दोन्हींशी संबंध नाही. घट्ट भरलेल्या उशीवर नक्षीची भोके टोचलेली जाड कागदाची पट्टी लावायची, प्रत्येक धाग्याचे टोक एकेका सडपातळ दांडीवर गुंडाळायचे, आणि त्या दांड्या एकमेकींवरून टाकत, भोकांत टाचण्या खोवत लेस गुंफत जायचे. त्या दांड्या म्हणजे बॉबिनी. हातात एका वेळी चारच असतात. मधल्या दोघींपैकी डावी उजवीवरून टाकायची आणि मग दोन्ही जोड्यांत उजवी डावीवरून, एवढ्या दोनच हालचालींतून सगळी नक्षी उभी राहते. मी नऊ वर्षांपूर्वी बेडफर्डला राहायला आले तेव्हा एका चर्चच्या सभागृहात दर गुरुवारी जमणाऱ्या बायकांनी मला हे शिकवले. पहिले वर्षभर त्यांनी उशीही उसनी दिली आणि बॉबिनीही.

बेडफर्डशायर, बकिंगहॅमशायर आणि नॉर्थॅम्प्टनशायर या परगण्यांत ही लेस शेकडो वर्षे पोटापाण्यासाठी विणली गेली आणि इथल्या बॉबिनी इतर ठिकाणच्यांपेक्षा वेगळ्या घडल्या. त्यांच्या खालच्या टोकाला तारेत ओवलेल्या काचमण्यांचे कडे असते, ज्याला इथे स्पँगल म्हणतात. त्याच्या वजनाने धागा ताणलेला राहतो आणि बॉबिन उशीवर घरंगळत नाही. डेव्हन परगण्यातील हॉनिटन लेसच्या बॉबिनींना मणी नसतात, कारण तिथे विणताना बॉबिन धाग्याच्या फासातून ओवून काढावी लागते. एकोणिसाव्या शतकात इथल्या कातार्‍यांनी हाडाच्या बॉबिनींवर बारीक ठिपके कोरून, त्यांत तांबडा, निळा किंवा काळा रंग भरून अक्षरे लिहिली: प्रियकराची नावे, बाळाचा जन्म, बायबलमधली वचने. डीन्सहँगरचे कॉम्प्टन बापलेक, बेडफर्डचे हॅस्किन्स आणि ॲबट, क्रॅनफील्डचे ब्राउन हे असे कारागीर होते, आणि अक्षरांच्या वळणावरून जाणकारांना बॉबिन कोणाच्या हातची हे ओळखता येते. बेडफर्डच्या तुरुंगाबाहेर जाहीर फाशी झाली की तिच्याही बॉबिनी निघत. पत्नीच्या खुनासाठी फासावर गेलेल्या जोसेफ कॅसलचे नाव आणि १८६० हे साल कोरलेल्या, आणि बेडफर्डच्या शेवटच्या जाहीर फाशीच्या, म्हणजे विल्यम वर्स्ली आणि १८६८ असे कोरलेल्या बॉबिनी जपून ठेवलेल्या आहेत. संग्राहक या फाशीच्या बॉबिनींच्या मागे असतात, आणि मलाही एक हवी होती हे मी आमच्या गटात अनेकदा बोलून दाखवले होते.

विक्रेत्याने मला थेट निरोप पाठवला, तेव्हा आपली इच्छा याला कशी कळली हा प्रश्न मला पडायला हवा होता. त्याने लिहिले की त्याची आजी ऑल्नीजवळच्या खेड्यात लेस विणत असे, ती नुकतीच वारली, घरात कोणालाही ही कला येत नाही, आणि तिच्या बॉबिनी कपाटात पडून राहण्यापेक्षा विणणाऱ्या हातांत जाव्यात असे तिच्या मुलांना वाटते. आलेले पैसे आजीची अखेरच्या दिवसांत शुश्रूषा करणाऱ्या संस्थेला द्यायचे आहेत, असेही त्याने लिहिले. या कथेतील प्रत्येक गोष्ट आमच्या जगात खरोखर घडते. आमच्या गटातील कोणी वयस्क सभासद गेली की तिची मुले उशा, बॉबिनी, टाचण्यांचे डबे घेऊन सभागृहात येतात आणि आम्ही ते साहित्य आपसांत विकून पैसे एखाद्या सत्कार्याला देतो. अशा वेळी कोणी कोणाकडे पुरावा मागत नाही, तो मागणे हृदयशून्यपणाचे वाटते, आणि त्या माणसाला हे पुरते ठाऊक होते.

त्याने पाच छायाचित्रे पाठवली. निळ्या चौकड्यांच्या कापडाची उशी, तिच्यावर अर्धवट विणलेली लेस, बाजूला पंख्यासारख्या पसरलेल्या बॉबिनी, आणि त्यांत जोसेफ कॅसलची. बॉबिनी टपालाने घरी आल्या तेव्हा एका बॉबिनच्या कड्यातला तळाचा टपोरा मणी मला ओळखीचा वाटला. लाल काच आणि आत पांढरी वेलांटी, तसल्याच मण्यांच्या माळा मी लहानपणी पुण्याला रविवार पेठेतल्या दुकानांत पाहिल्या होत्या. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आपल्या देशातला मणी समुद्र ओलांडून इथल्या एखाद्या लेस विणणारीच्या उशीपर्यंत कसा आला असेल या विचाराने मला भरून आले, आणि ती बॉबिन मी यजमानांना दाखवली तीही याच कौतुकाने. जो मणी पाहून मी सावध व्हायला हवे होते, त्याच मण्यावर मी विश्वास ठेवला. भारतीय काचमणी आज जगभर विकले जातात आणि इथल्या छंदसाहित्याच्या कोणत्याही दुकानात मिळतात, ही साधी गोष्ट त्या क्षणी माझ्या मनात आली नाही.

पैसे देण्याबाबत मी जे केले ते सर्वात वाईट होते. त्याने पेपालवर मित्र-नातलगांना पैसे पाठवण्याचा पर्याय निवडायला सांगितले, कारण खरेदीच्या पर्यायात शुल्क कापले जाते आणि तेवढे पैसे त्या संस्थेला कमी मिळतील. मित्र-नातलगांच्या पर्यायाने दिलेल्या रकमेला खरेदीदाराचे संरक्षण लागू होत नाही, हे मला ऐकून माहीत होते, तरी शुल्काचे काही पौंड वाचवण्यासाठी, आणि खरे सांगायचे तर आपण संशयी ठरू नये म्हणून, मी त्याचे म्हणणे मानले.

जानेवारीत त्याचा पुन्हा निरोप आला की आजीच्या दोन हस्तिदंती बॉबिनीही सापडल्या आहेत आणि त्या तो फक्त मलाच देऊ इच्छितो. मी हे आमच्या शिक्षिकेला सहज सांगितले आणि त्या एकदम गंभीर झाल्या. ब्रिटनमध्ये २०१८ चा हस्तिदंत कायदा ६ जून २०२२ पासून लागू आहे आणि त्यानुसार, मोजके अपवाद सोडले तर, हस्तिदंताची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. १९४७ पूर्वीच्या ज्या वस्तूत दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत आहे ती नोंदणी करून विकता येते, पण अखंड हस्तिदंती बॉबिन त्या सवलतीत बसत नाही. १९१८ पूर्वीची आणि असाधारण महत्त्वाची वस्तू असेल तर प्रमाणपत्र घेऊन तिचा व्यवहार होऊ शकतो. त्यांनी मला विचारले की आधी घेतलेल्या बॉबिनी कोणी भिंगाखाली पाहिल्या आहेत का. कोणीच पाहिल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्या त्यांच्या घरी नेल्या आणि सराफ वापरतात तसल्या दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली आम्ही एकेक पाहिली. नऊ बॉबिनींत हाडाच्या सूक्ष्म वाहिन्यांचे गडद ठिपके आणि रेघा स्पष्ट दिसत होत्या, म्हणजे हाड खरे होते. उरलेल्या तिघींत एकही ठिपका नव्हता आणि बाजूने साच्याच्या सांध्याची पुसट रेष होती, म्हणजे त्या रेझिनच्या, साच्यात ओतलेल्या कृत्रिम राळेच्या. हाड खरे आहे एवढ्यावरून बॉबिन जुनी ठरत नाही, हे मला त्या दिवशी समजले, कारण हाड आजही सहज मिळते आणि लेथवर घडवता येते. पिवळट छटा सगळीकडे सारखी होती, मण्यांची तार ओवण्याच्या छिद्राच्या आतही. खऱ्या जुन्या बॉबिनला बोटांचा स्पर्श जिथे जास्त तिथे झिलई येते आणि आतला भाग वेगळा दिसतो. शिक्षिकेच्या मते हा रंग चहाचा असावा. वर्षानुवर्षे तार हलून छिद्र लांबट झिजते, ते इथे अचूक गोल होते. वरच्या मानेवर, जिथे धागा गुंडाळला जातो, तिथे घासल्याची एकही खूण नव्हती. अक्षरांचे ठिपके एकाच खोलीचे आणि एकाच अंतरावर होते, आणि त्यांतला रंग कुठेही झिजलेला नव्हता. त्यांनी स्वतःच्या संग्रहातील हॅस्किन्सच्या हातची एक बॉबिन शेजारी ठेवली. तिच्यावरचे ठिपके हाताने पाडलेले, उणेअधिक, एका अक्षरात तर कातार्‍याचा हात घसरलेला दिसत होता. मण्यांचेही तसेच निघाले. जुन्या चौकोनी मण्यांच्या बाजूंवर मऊ काच दाबताना उमटलेल्या कानशीसारख्या रेघा असतात, माझ्या मण्यांच्या बाजू गुळगुळीत होत्या.

छायाचित्रे पुन्हा पाहिली तेव्हा मला स्वतःचा सर्वाधिक राग आला, कारण ते मला कोणी दाखवून द्यायची गरज नव्हती. अर्धवट लेसचे धागे जिथून बॉबिनींकडे जायला हवेत तो भाग एका पांढऱ्या फडक्याखाली होता. काम थांबवताना आम्ही सगळ्याच लेसवर फडके टाकतो, म्हणून मला ते घरगुती आणि खरे वाटले. पण बॉबिनी मोजल्या तर चोवीस होत्या, आणि त्या रुंदीच्या त्या नक्षीला किमान दुप्पट लागतात. नीट पाहिल्यावर लक्षात आले की ती लेस यंत्रावरची होती, उशीला नुसती टाचलेली, आणि बॉबिनी समोर मांडून ठेवलेल्या. जर्मनीतील बार्मेन गावाच्या नावाने ओळखले जाणारे यंत्र बॉबिन लेससारखीच गुंफण करते, त्यामुळे केवळ लेसकडे पाहून दूरवरून फरक कळणे कठीण जाते, पण बॉबिनींची संख्या मोजणे मला नक्कीच जमले असते.

पैसे परत मिळाले नाहीत. पेपालने नियमावर बोट ठेवले. मी विक्रेत्याला लिहिले की खासगी विक्रेत्यानेही वस्तूचे वर्णन खरेच करायला हवे, आणि वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्यामुळे ती परत घ्यावी. तीन दिवसांत त्याचे खाते बंद झाले. इंग्लंडमध्ये दहा हजार पौंडांपर्यंतचा दावा लहान दाव्यांच्या न्यायालयात वकिलाशिवाय लावता येतो, पण त्यासाठी प्रतिवादीचे खरे नाव आणि पत्ता लागतो आणि माझ्याकडे दोन्ही नव्हते. पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार नोंदवून क्रमांक घेतला, एवढेच.

त्यानंतर मी शिक्षिकेलाही हे कोणाला सांगू नका अशी विनंती केली. नऊ वर्षे विणूनही ही फसली, परदेशातून आलेली, तिला इथल्या जुन्या वस्तूंतले काय कळणार, असे कोणी म्हणेल ही भीती मला होती. मे महिन्यात गटातल्या एका मैत्रिणीने मोठ्या आनंदाने पिशवीतून एक बॉबिन काढून दाखवली: विल्यम वर्स्ली, १८६८, खाली लाल काचेचा पांढऱ्या वेलांटीचा मणी. ती तिने मार्चमध्ये घेतली होती. मी तिथेच सगळे सांगितले, आणि माझे बोलणे संपण्याआधीच पलीकडे बसलेल्या, चाळीस वर्षे लेस विणणाऱ्या बाईंनी उशीवरून हात काढून घेतले आणि म्हणाल्या की त्यांनीही गेल्या ऑक्टोबरमध्ये त्याच्याकडून सहा घेतल्या होत्या आणि नाताळपर्यंत त्यांना सारे उमगले होते. त्या ऑक्टोबरची गोष्ट बोलल्या असत्या तर मी कदाचित वाचले असते. मी जानेवारीत बोलले असते तर ती मैत्रीण वाचली असती. कोणीही कोणाला दोष दिला नाही, पण त्या दुपारी सभागृहात बॉबिनींचा आवाज बराच वेळ थांबलेला होता.

आता आमच्या गटात काही गोष्टी ठरल्या आहेत. बाहेरून जुन्या म्हणून आलेल्या बॉबिनी आधी भिंगाखाली जातात आणि मग त्यांचे पैसे दिले जातात. विक्रेत्याकडे मान, तळाचे छिद्र आणि अक्षरे यांची जवळून घेतलेली छायाचित्रे मागितली जातात, आणि पैसे खरेदीच्याच पर्यायाने दिले जातात, मग शुल्क आम्हाला भरावे लागले तरी चालेल. दूर राहणाऱ्या मैत्रिणींना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनीही एवढे करावे, आणि बेडफर्डचे हिगिन्स किंवा ऑल्नीचे कूपर अँड न्यूटन संग्रहालय पाहण्याची संधी मिळाली तर खऱ्या बॉबिनी आधी डोळे भरून पाहाव्यात. नव्या कोरीव बॉबिनी घेण्यात मात्र काही गैर नाही. आज अनेक उत्तम कारागीर लग्न, वाढदिवस, जन्म यांच्या बॉबिनी करतात, त्यांवर स्वतःची खूण आणि साल टाकतात, आणि माझ्या उशीवरच्या सर्वांत लाडक्या बॉबिनी तशाच आहेत.

त्या बारा बॉबिनी मी फेकल्या नाहीत, कारण कचऱ्यातून किंवा माझ्या पश्चात कपाटातून त्या पुन्हा कोणाच्या तरी आजीच्या ठरल्या असत्या. एका ओळखीच्या कारागिराकडून मी प्रत्येकीच्या मानेखाली २०२३ हे साल खोल कोरून घेतले. नऊ हाडाच्यांपैकी आठ आता माझ्या रोजच्या कामात आहेत. नववी, म्हणजे कॅसलची बॉबिन, मी गटाच्या पेटीत दिली. नवीन मुलगी शिकायला आली की शिक्षिका तिच्या एका हातात ती देतात, दुसऱ्या हातात हॅस्किन्सची, आणि भिंग पुढे करतात.