जुने बिटकॉइन मायनर घरी ठेवल्यावर: सांगलीतला वापरानंतरचा अनुभव

कमाईच्या आशेनं वाचायला आलेल्यांनी इथूनच परत फिरावं. मायनर म्हणजे सतत आकडेमोड करून नवे बिटकॉइन मिळवायला बनवलेलं यंत्र. जुन्या मायनरमधून पैसे निघत नाहीत, विजेचं बिल निघतं. मी हे नग जमवतो ते वस्तू म्हणून, जसे कुणी व्हॉल्व्हचे रेडिओ जमवतात. गेल्या दिवाळीपासून विश्रामबागच्या आमच्या फ्लॅटमध्ये तीन प्रकारचे नग आहेत: एसिकमायनरच्या ब्लॉक इरप्टर यूएसबी काड्या, बिटमेनचा अँटमायनर एस-१ आणि त्याच कंपनीचा एस-९. काडी डोळे झाकून घ्या. एस-१ समोर आला तर सोडू नका. एस-९ मात्र खोलून सुटे भाग वापरणार असाल तरच घ्या. आणि तिन्हींना भाव भंगाराचाच द्यायचा.

आधी काडीबद्दल. ब्लॉक इरप्टर 2013 चा. आकार पेनड्राइव्हपेक्षा थोडा मोठा, आत एकच चिप, तीही 130 नॅनोमीटरची. वेग 333 मेगाहॅश, म्हणजे सेकंदाला 33.3 कोटी आकडेमोडी, वीज जेमतेम अडीच वॅट. बाजारात आला तेव्हा एका नगाला जवळपास दोन बिटकॉइन मोजावे लागत. आजच्या भावानं तो आकडा काढायला जाऊ नका, जेवण गोड लागणार नाही.

वापरायला हीच सगळ्यात सोपी. आत सीपी2102 हा यूएसबी-सिरियल चिप आहे, त्यामुळे लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडून बीएफजीमायनर हा मायनिंगचा प्रोग्राम चालवतो. एक गोष्ट मात्र पाळा: प्रत्येक काडी यूएसबीचे पूर्ण 500 मिलिअँपिअर ओढते, म्हणून स्वतःचा अडॅप्टर असलेला हबच घ्या. बिनअडॅप्टरच्या हबवर दुसरी काडी लावली की पहिली गळते. शिवाय मागची पट्टी चांगलीच तापते. एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा छोटा यूएसबी पंखा रोखून ठेवल्याशिवाय मी त्या लावतच नाही.

आता हिशेब. पूल म्हणजे अनेक मायनरांचं काम एकत्र करणारी सेवा. काम केल्याचा पुरावा म्हणून तिला पाठवायचं उत्तर म्हणजे शेअर, आणि ते किती अवघड हवं ते डिफिकल्टीचा आकडा सांगतो. डिफिकल्टी एक असलेला शेअर सापडायला या काडीला सरासरी तेरा सेकंद लागतात. आजचे बहुतेक पूल किमान हजाराच्या पुढचीच डिफिकल्टी मागतात. हजार धरली तरी एका शेअरला साडेतीन तास. काडी बंद पडली असं समजून लोक ती परत पाठवतात, ते बहुतेक वेळा यामुळेच. ती चालू असते बिचारी, पण तिच्या कामाची कुणी नोंदच घेत नाही. अख्खा ब्लॉक (ज्यावर नवे बिटकॉइन मिळतात तो व्यवहारांचा गठ्ठा) सापडायचा म्हटलं, तर जगभरातल्या नेटवर्कचा वेग 800 एक्झाहॅश (एक्झा म्हणजे मेगाच्या लाख कोटी पट) धरून सरासरी साडेचार कोटी वर्षं. तरीही संध्याकाळी ऑफिसमधून आलो की मी ती लावतो. टर्मिनलवर आकडा सरकतो, हिरवा दिवा मधूनच लुकलुकतो आणि अडीच वॅटमध्ये 2013 साल टेबलावर बसलेलं असतं. बिल किती येतं हे घरात कुणी विचारलेलं नाही, कारण ते बिलात दिसतच नाही.

एस-१ हा माझ्या मते या छंदाचा खरा मानकरी. 2013 च्या शेवटी आलेला, 180 गिगाहॅश, 360 वॅट. डबा म्हणून काही नाहीच. अ‍ॅल्युमिनियमच्या जाड हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या ठोकळ्याला) लावलेले दोन बोर्ड, जोडीला पंखा, सगळं उघडं. प्रत्येक बोर्डवर 32 चिपा, एकूण 64, आणि त्या सगळ्या बाहेरून नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. नंतरची मशिनं पत्र्याच्या नळकांड्यात बंद झाली आणि बघायला काही उरलं नाही. सोबत पॉवर सप्लाय येत नाही. संगणकाचा एसएमपीएस चालतो, पण लेबलवरच्या वॅटवर जाऊ नका, 12 व्होल्टच्या ओळीवर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. तिथं तीसच्या वर पाहिजेत. 450 वॅटचा म्हणून मिळणारा स्वस्तातला डबा इथं हमखास मान टाकतो.

एस-१ नेटवर्कवर 192.168.1.99 या पत्त्यावर उगवतो. राऊटरचे पत्ते दुसऱ्या मालिकेतले असतील तर आधी लॅपटॉपचा पत्ता हातानं बदलावा लागतो, एवढीच खटपट. ब्राउझरमध्ये पान उघडलं की प्रत्येक चिपसाठी इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर, आठ-आठच्या गटात ओळीनं. आजारी चिपच्या जागी ‘एक्स’. माझ्या नगात दुसऱ्या ओळीत एक एक्स आहे. तापमान चढलं की त्याच्या शेजारचा ओ पण डळमळतो, आणि पंख्यासमोरची धूळ पुसली की पुन्हा जागेवर येतो. एका चिपची तब्येत अशी नावानिशी कळते, हे मला फार आवडतं. हल्लीच्या मोबाइलमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात, पण त्यातला एक तरी कुणाला ओळखता येतो का?

हा नग आला कसा, तेही सांगण्यासारखं आहे. विटा-खानापूर-आटपाडी भागातले लोक गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेत, सोनं-चांदी आटवायला. माझा मामा त्यातलाच, कोइमतूरला. त्याच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे बोर्डांचं पोतं आलं आणि मामानं फोटो पाठवला. मी हरखलो. मामा म्हणाला, “आरं, ह्यात सोनं कुठलं आलंय? नुसतं अ‍ॅल्युमिनियम हाय. काय पूजा घालनार हाईस का ह्याची?” त्याचं निदान अगदी बरोबर होतं. चिपांमध्ये आटवण्याजोगं फारसं काही नसतं. भंगारवाल्याला हीटसिंक हवे असतात आणि ते उपटताना बोर्ड मरतो. म्हणून चांगले नग दिवसेंदिवस कमी होतायत. ऑनलाइन विकणारे मात्र ‘दुर्मीळ’ म्हणून दहापट किंमत लावतात. मामाच्या वजनकाट्यावर ठरतो तो भाव, त्यावर थोडी दलाली आणि ट्रान्सपोर्ट. त्यापुढं जाऊ नका.

एस-९ वर मी फार शाई खर्च करणार नाही. 2016 चं मशिन, 16 नॅनोमीटरच्या 189 चिपा, साडेतेरा टेराहॅश. इतिहासात त्याचं स्थान मोठं आहे, याबद्दल वाद नाही. तेवढा वेग इरप्टर काड्यांनी गाठायचा तर चाळीस हजारांवर काड्या आणि शंभर किलोवॅट वीज लागेल. एस-९ ते काम 1,320 वॅटमध्ये करतो. तीन वर्षांत केवढी मजल! पण घरात हा प्राणी सांभाळता येत नाही. दोन्ही पंखे पूर्ण वेगानं सुटल्यावर वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या आणि आईला विचारलं, “वहिनी, पिठाची गिरणी टाकली काय हो?” दिवसाला जवळपास 32 युनिट. दहा रुपयांनी धरा, 320 रुपये. मिळकत? एप्रिल 2024 च्या हाविंगनंतर (ब्लॉकमागचं बक्षीस निम्मं होतं ते) जगभरात रोज साधारण 450 बिटकॉइन नव्यानं निघतात. त्यातला याचा वाटा, वरचाच 800 एक्झाहॅशचा आकडा धरून, 760 सातोशी (एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी). एक बिटकॉइन एक कोटीचा धरला तरी 76 रुपये. त्यावर पुन्हा सरकारचा तीस टक्के कर, आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्यातून वजा करता येत नाही. तासगावच्या एका बागायतदार मित्रानं याची गरम हवा बेदाण्याच्या शेडवर सोडायची कल्पना काढली होती. मार्चमध्ये तासगावला गरम हवा विकत घ्यावी लागते, हे मला नवीनच होतं.

म्हणून मी एस-९ खोलला, आणि तिथं तो वसूल झाला. कंट्रोल बोर्डवर झायलिंक्सचा झिंक 7010 आहे, म्हणजे एआरएम प्रोसेसर आणि एफपीजीए (जोडणी आपल्याला हवी तशी बदलता येणारं सर्किट) एकाच चिपमध्ये. शिकायचा नवा बोर्ड घ्यायला गेलात तर खिसा रिकामा होतो. हा भंगारातून येतो आणि त्यावर लिनक्स चालतं. वालचंद कॉलेजला शिकणारा माझा चुलतभाऊ आता त्यावरच प्रोजेक्ट करतोय. एस-९ चा एपीडब्ल्यू3 पॉवर सप्लाय तर सोन्यासारखा, 12 व्होल्टला शंभरहून जास्त अँपिअर. फक्त एवढे अँपिअर म्हणजे वेल्डिंगची ताकद, लहान मुलं असतील त्या घरात तो कपाटात कुलपात ठेवा. हॅशबोर्ड (मायनिंगच्या चिपांचा बोर्ड) विकत घेताना कानाशी धरून हलवा. आत काही खडखडलं तर सुटलेला हीटसिंक आहे, तो दोन चिपांवर आडवा पडला की बोर्ड गेला. आणि एका बोर्डवरच्या 63 चिपा साखळीनं जोडलेल्या असतात. एक मेली की पुढच्यांशी बोलणं तुटतं, मग ‘एकच चिप खराब आहे’ या शब्दावर अर्ध्या किमतीलाही घेऊ नका.

ग्राफिक्स कार्डांच्या रिग (अशी बरीच कार्डं जोडून केलेले मायनर) मी जमवत नाही. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या दुसऱ्या आभासी चलनानं मायनिंग बंद केल्यावर त्यांचा पूर आला, पण ती शेवटी गेमिंगचीच कार्डं. त्यात बघण्यासारखं वेगळं काही नाही.

देखभालीचं म्हणाल तर सगळ्यात मोठा शत्रू आपला पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. मी सिलिका जेलच्या पुड्या घालून प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात ठेवतो आणि डबा माळ्यावर. 2019 चा महापूर पाहिलेला सांगलीकर असलं सामान खालच्या फळीवर ठेवत नाही. धूळ काढायला मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. ब्लोअर मारायचा तर पंख्याचं पातं बोटानं धरून, नाहीतर पंखा जोरात फिरून वीज तयार करू शकतो आणि ती बोर्डात शिरू शकते.

सध्या शोध चालू आहे बटरफ्लाय लॅब्जच्या जालापेनो या मायनरचा. 2012 मध्ये जाहीर झालेला, कॉफीच्या मगाला गरम ठेवेल एवढा ठोकळा. लोकांनी आगाऊ पैसे भरले आणि वाट पाहत बसले. 2014 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं कंपनीला कोर्टात खेचलं. साडेचार वॅट सांगून आलेलं मशिन प्रत्यक्षात तीसच्या आसपास खायचं. एस-१ शेजारी फळीवर त्याची जागा मी ठेवलीय. बंद असला तरी चालेल, ठोकळा फुटलेला नको. मामाला फोटो पाठवून ठेवलाय.