आठ महिने रेघांचं सुडोकू: तर्क अव्वल, पण रंगांनी घात केला

रेघांच्या सुडोकूत जाळीवर रंगीत रेघा काढलेल्या असतात आणि रेघेच्या रंगावरून तिच्यावरच्या आकड्यांचा नियम कळतो. सलग दोन संध्याकाळी घेऊन बसलेलं असं एक कोडं गेल्या आठवड्यात फसलं. मधल्या चौकोनात ५ ला जागाच उरली नाही. आकडेमोड तीनदा तपासली, चूक सापडेना. शेवटी मूळ कोडं स्क्रीनवर उघडलं आणि डोक्यात तिडीक गेली.

मी प्रिंट काळा-पांढराच काढतो. रोजच्या कोड्यांवर रंगीत शाई उडवणं मला पटत नाही. त्या प्रिंटवर हिरवी आणि जांभळी रेघ अगदी सारखी करडी उमटली होती. मधल्या चौकोनातली पाच घरांची रेघ मी हिरवी धरली, म्हणजे जर्मन व्हिस्पर, शेजारच्या घरांत किमान ५ चा फरक. त्या रेघेवर ५ बसतच नाही, म्हणून पाचही घरांतून तो खोडला. रेघ निघाली जांभळी, म्हणजे रेनबान, सलग आकडे कुठल्याही क्रमाने. आणि १ ते ९ मधले कुठलेही पाच सलग आकडे घ्या, त्यांत ५ असतोच! जिथे तो यायलाच हवा होता, नेमका तिथूनच मी त्याला हाकलला.

ज्यांच्या संग्रहातून कोडं घेतलं त्यांना कळवलं, निदान प्रिंटसाठी रेघा वेगळ्या काढा म्हणून. उत्तर आलं, रंगीत प्रिंट काढा. हे उत्तर नव्हे. थर्मोमीटर नावाच्या रेघेच्या टोकाला गोळा असतो, त्यामुळे ती कशावरही छापा, ओळखू येते. मग बाकीच्या रेघांना नागमोडी, तुटक, दुहेरी करायला काय हरकत आहे? ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्यांनी काय करायचं? आणि रंगीत असूनही भागत नाहीच. डच व्हिस्पर नावाची रेघ नारिंगी, एन्ट्रॉपिक नावाची फिकट नारिंगी. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली त्या दोन वेगळ्या ओळखून दाखवा.

एवढा वैताग असूनही मी हे सोडलेलं नाही. सुरुवातीला मला हा पसारा वाटायचा. एका कोड्यात तीन-तीन नियम कशाला? साध्या सुडोकूत एकच उत्तर हवं तर किमान १७ आकडे द्यावेच लागतात, हे २०१२ मध्ये संगणकावर सिद्ध झालंय. इथे बऱ्याचदा एकही आकडा दिलेला नसतो. सगळी माहिती रेघांत, आणि खरी गंमत दोन रेघा एकाच घरातून जातात तिथे.

एका कोड्यातली सुरुवात सांगतो. निळी रेघ, रीजन सम. प्रत्येक चौकोनातल्या तिच्या तुकड्याची बेरीज सारखी. एका चौकोनात तिची तीन घरं, शेजारच्यात एकच. तीन वेगळे आकडे म्हणजे बेरीज कमीत कमी ६, म्हणून ते एकटं घर ६ ते ९. त्याच घरातून हिरवी रेघ जात होती आणि तिची अलीकडची-पलीकडची घरं त्याच चौकोनात होती. तिथे ६ ठेवला तर दोन्हीकडे १ च लागतो, म्हणजे ६ बाद. ते घर मोठं ठरलं की हिरव्या रेघेवर एकाआड एक मोठा-लहान असा क्रम लागतो. एकही आकडा न लिहिता अख्खी रेघ उलगडली. असं साध्या सुडोकूत मला कधी मिळालं नाही.

चार-पाच जातींच्या रेघा कोंबलेली कोडी मात्र मी टाळतो. नियम आठवण्यातच दमछाक होते. तीन पुरेत.

शाईच्या बाबतीत मी हट्ट सोडलेला नाही, तोडगा काढला. सोडवायला बसण्याआधी स्क्रीनकडे बघत पेन्सिलने हिरव्या रेघेवर आडव्या काट्या मारतो, जांभळीवर ठिपके देतो, निळी तशीच ठेवतो. चार-पाच मिनिटं जातात. आधी चिडून करायचो, आता ते आवडायला लागलंय, कारण प्रत्येक रेघेवरून पेन्सिल फिरताना रेघा कुठे एकमेकींना छेदतात ते आपोआप कळतं.

फसलेलं कोडं काल याच पद्धतीने पुन्हा मांडलं. त्या पाच जांभळ्या घरांपैकी चार घरांतून एक हिरवी रेघही जाते, हे काट्या मारतानाच दिसलं. मग ५ साठी उरलं एकच घर. तो पहिला आकडा मी पेनाने लिहिला.