दिल्ली नॉयर, मुंबई नॉयर की वासूनाका? एकच घ्यायचं असेल तर

शहरातल्या गल्लीबोळात घडणाऱ्या काळ्या कथांचं एखादं पुस्तक वाचायचंय, पण घेणार एकच, तर मुंबईचं घेऊ की दिल्लीचं, असं आमच्या पणजीच्या वाचन ग्रुपमध्ये परत परत विचारलं जातं म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. उत्तर आधीच सांगते. इंग्रजी वाचायचा कंटाळा नसेल तर दिल्ली नॉयर घ्या, आणि एकाच नाक्यावर मुक्काम ठोकून राहायचं असेल तर भाऊ पाध्यांचं मुंबईतल्या नाक्यावरच्या पोरांचं मराठी पुस्तक वासूनाका घ्या. मुंबई नॉयर वाईट अजिबात नाहीये, पण माझ्या यादीत ते तिसरं येतं, का ते पुढे सांगते.

दिल्ली नॉयर आणि मुंबई नॉयर ही एकाच मालिकेतली पुस्तकं, म्हणून आधी थोडं त्या मालिकेबद्दल, म्हणजे घोळ होणार नाही. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचं अकाशिक बुक्स नावाचं एक छोटं प्रकाशन आहे, त्यांनी 2004 मध्ये ब्रुकलिन नॉयर काढलं आणि ते चाललं म्हणून मग एकेक शहर घेत गेले, हवाना, इस्तंबूल, मनिला, तेहरान, लागोस, आता शंभराच्या वर पुस्तकं झालीत. साचा ठरलेला आहे, एक शहर, ते शहर आतून ओळखणारा संपादक, वेगवेगळे लेखक, आणि प्रत्येक कथेला एक एरिया. अनुक्रमणिकेतच कथेच्या नावासोबत एरियाचं नाव छापलेलं असतं, त्यामुळे कुठली कथा कुठल्या मोहल्ल्यातली ते पान उघडल्या उघडल्या कळतं.

आणि नॉयर म्हणजे नेहमीची रहस्यकथा नाही हे लक्षात ठेवूनच पुस्तक हातात घ्या, नाहीतर निराश व्हाल. आपल्या घरांत आजोबांच्या पिढीने बाबूराव अर्नाळकर वाचले, झुंजार आणि काळा पहाड वाचले, तिथे शेवटी गुन्हेगार सापडतो आणि सगळं मार्गी लागतं. इथे मार्गी काही लागत नाही. कधी खुनी पहिल्याच पानावर माहीत असतो, कधी खून होतच नाही, पण माणूस मात्र पुरता बुडतो आणि त्याला बुडवणारी परिस्थिती जिथल्या तिथे राहते.

असं पुस्तक निवडताना मी एकच गोष्ट बघते, ती म्हणजे कथा तिच्या जागेवरून उचलता येते का. पहाडगंजची कथा उचलून म्हापशाच्या बाजारात आणून ठेवली आणि फक्त नावं बदलून ती तशीच्या तशी चालली, तर तिथे पहाडगंजचं काही कामच नव्हतं. त्या एरियाने त्या माणसाकडून तो गुन्हा करून घेतला पाहिजे. तिथलं भाडं, तिथली पोलीस चौकी, कोणाच्या खिडकीतून कोणाचं घर दिसतं, हे सगळं गुन्ह्यात सामील असायला हवं.

या कसोटीवर दिल्ली नॉयर सगळ्यात पुढे जातं. 2009 चं पुस्तक, संपादक हिर्श सॉनी, चौदा कथा. पहिल्या भागाला दिल्ली पोलिसांचं घोषवाक्यच नाव म्हणून दिलंय, तुमच्यासोबत, तुमच्यासाठी, सदैव, आणि त्या भागातल्या कथा वाचताना ते वाक्य अंगावर येतं, कारण या दिल्लीत पोलीस हा संकटात धावून येणारा माणूस नाहीच, बऱ्याचदा संकट म्हणजे तोच.

यातली जी कथा मी सगळ्यांना आधी वाचायला सांगते ती उदय प्रकाश यांची, मुळात हिंदी, दिल्ली की दीवार. रामनिवास नावाचा सफाई कामगार आहे, शहराच्या पार कडेला राहणारा, रोज लांबचा प्रवास करून दक्षिण दिल्लीत साकेतला श्रीमंतांच्या जिममध्ये झाडू मारायला येतो. एक दिवस झाडूचा दांडा भिंतीवर आपटतो आणि आवाज पोकळ येतो. भिंतीच्या आत नोटा, कोणाच्या तरी काळ्या पैशाची रास. आता खरी कथा सुरू होते, कारण पैसा मिळूनही त्या माणसाला तो पैसा खर्च करायची परवानगी या शहरात नाहीये. पाकीट भरलं तरी चेहरा, कपडे, पत्ता तोच, आणि झाडूवाल्याच्या हातात एवढी नोट आली कुठून हा प्रश्न शहर त्याला विचारणारच. शेवट मी सांगत नाही, पण पोलीस येतात एवढं सांगते. ही कथा दिल्लीतून उचलून बघा, नाही उचलता येणार, कारण काळा पैसा भिंतीत लपवणारे आणि ती भिंत पुसणारे यांच्यातलं अंतर हाच तिचा विषय आहे. आणि आपला फायदा असा की मूळ हिंदी देवनागरीतच आहे, इंग्रजी अनुवादापेक्षा ते वाचा, आपल्याला जास्त जवळचं वाटतं.

दुसरी, मोहन सिक्का यांची रेल्वे आंटी, पहाडगंज. बी.ए. पास हा सिनेमा बघितला असेल तर तो या कथेवरचा. कॉलेजातला पोरका मुलगा नातेवाइकांच्या घरात आश्रित म्हणून राहतो आणि एका रेल्वेवाल्याची बायको त्याला जवळ करते, मग वापरते. सिनेमा आधी बघितला असला तरी कथा वाचा, रेल्वे क्वार्टर्समधला तो कोंडटपणा कागदावर जास्त जाणवतो. मंजुळा पद्मनाभन यांची भलस्वाच्या कचरापट्टीची कथा भविष्यातल्या दिल्लीत घडते, काहींना ती या पुस्तकात परकी वाटते, मला आवडली. बाकी काही कथा दक्षिण दिल्लीच्या इंग्रजी बोलणाऱ्या घरांपुरत्या राहतात आणि तिथे जोर कमी पडतो, हे खरंय.

आता मुंबई नॉयर. 2012, संपादक अल्ताफ टायरवाला, इथेही चौदा कथा. नकाशा मोठा घेतलाय, कामाठीपुरा, नागपाडा, लॅमिंग्टन रोड, वाळकेश्वर, वरळी, माहीम ते पार मिरा रोड आणि नॅशनल पार्कपर्यंत. आपल्या गोवेकरांना हे पुस्तक जवळचं वाटणार हे मला माहितीय, कारण मुंबई आपल्या घरात आहेच, कोणाचे आजोबा धोबीतलावाच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडात राहून बोटीवर गेले, कोणाची मावशी दर बुधवारी माहीमच्या चर्चला नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाते. जेरी पिंटो यांची कथा त्याच माहीम चर्चच्या आसपासची आहे, ती जरूर वाचा. त्यांनी पुढे 2017 मध्ये मर्डर इन माहीम ही अख्खी कादंबरी लिहिली, म्हणजे एरिया डोक्यात किती मुरलाय ते कळतं.

पण अडचण अशी की मुंबईचा अंधार आपण सिनेमात इतका बघितलाय की डान्स बार, बॉम्बस्फोट, एन्काउंटर आले की वाचणारा लेखकाच्या आधी पुढच्या पानावर पोचतो. यातल्या बऱ्याच कथा त्या ओळखीच्या अंधारावर विसंबून राहतात. आणि मला खरंच लागलेली गोष्ट म्हणजे यात मराठीतून अनुवाद होऊन आलेली एकही कथा नाही. दिल्लीच्या पुस्तकाने हिंदीतून एक कथा आणली आणि तीच पुस्तकातली सगळ्यात भारी ठरली. ज्या शहराच्या चाळी, गिरण्या आणि पोलीस लाइनी मराठीत बोलल्या, भांडल्या, तिथली एक तरी कथा मराठीतून यायला हवी होती.

म्हणूनच वासूनाका मध्ये आणते. नॉयर म्हणून कोणी त्याची जाहिरात करत नाही आणि ते अनेक लेखकांचं संकलनही नाही, एकट्या भाऊ पाध्यांचं आहे, 1965 चं. पण एकच नाका, तीच तीच पोरं कथेमागून कथेत परत येतात, आणि त्यांच्यातलाच पोक्या त्याच्या नाक्याच्या भाषेत सांगत सुटतो. ती भाषा छापलेली बघून त्या वेळी अश्लील म्हणून केवढा गदारोळ झाला, आचार्य अत्रे तर तुटूनच पडले. आज वाचताना शिव्यांचा धक्का बसत नाही, धक्का बसतो तो या पोरांना काहीच धंदा नाही आणि काहीच होणार नाही याचा. अकाशिकच्या पुस्तकात तुम्ही एका एरियात वीसेक पानं थांबता आणि पुढच्या एरियात जाता, इथे नाका सोडताच येत नाही. मुलींकडे बघायची यातल्या पोरांची नजर मात्र फार वाईट आहे, लेखकाने ती लपवलेली नाही, पण वाचताना त्रास होतो, ग्रुपमध्ये वाचायला घेणार असाल तर आधी सांगून ठेवा.

ब्रुकलिन नॉयर कोणी विचारलं तर, मालिकेचं मूळ म्हणून छान आहे, टिम मॅक्लॉफलिन संपादक, आणि पर्ल एब्रहम यांची विल्यम्सबर्गच्या हसिदी, म्हणजे कर्मठ ज्यू वस्तीतली कथा एकटीच पुस्तकाचे पैसे वसूल करते. पण पहिलं पुस्तक म्हणून नको, तिथले रस्ते आपल्या डोळ्यासमोर येत नाहीत.

गोव्याचं असं पुस्तक झालं तर मला त्यात किनाऱ्यावरचे विदेशी आणि ड्रग्ज नकोत, ते सगळेच लिहितात. वास्कोचं बायणा, म्हणजे तिथली वेश्यावस्ती हवी, 2004 मध्ये तिथली वस्ती पाडली तेव्हा तिथल्या बायका कुठे गेल्या त्याची कथा हवी. पणजीतल्या जुन्या फोंतेन्यास वस्तीत भिंतींसमोर उभं राहून फोटो काढतात, त्या भिंतींच्या आत भाडेकरू आणि घरमालक यांचं काय चाललंय ते हवं.

तोवर, प्रवासात एकेक कथा वाचणारे असाल तर दिल्ली नॉयर, सलग दोन दिवस हातात असतील तर वासूनाका. मुंबईत राहून आलेल्या, तिथल्या गल्ल्या आठवून वाचणाऱ्या माणसाला भेट द्यायचं असेल तर मात्र मुंबई नॉयरच द्या, त्याला आवडेल. आणि ठरतच नसेल तर पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत आधी वासूनाका विचारा, आणि दिल्ली की दीवार तेवढी हिंदीतून मिळवून एका बैठकीत वाचा. ती पटली तर दिल्लीचं पुस्तक मागवा, नाही पटली तर बाकीच्या तेरा कथांच्या वाटेला जायची गरज नाही.