मागच्या चाकाची एअरो कव्हरे: लातूर ते गोवा नेऊन-आणून केलेला वापर

ट्रायथलॉनच्या (पोहणे, सायकल आणि धावणे अशा सलग शर्यतीच्या) सायकलीला मागच्या चाकावर दोन्ही बाजूंनी बसवायची, हवेचा विरोध कमी करणारी प्लास्टिकची कव्हरे मी गेल्या वर्षी बेंगळुरूच्या एका विक्रेत्याकडून मागवली. लातूर-औसा-तुळजापूर रस्त्यावरचा सराव आणि गोव्याची आयर्नमॅन ७०.३ ही ट्रायथलॉन स्पर्धा एवढा वापर झाल्यावर हे लिहीत आहे. कार्बनचे पूर्ण डिस्क चाक (आऱ्यांऐवजी सपाट तबकडीचे) घ्यायचे तर लाखाच्या पुढे जावे लागते. ही जोडी मात्र काही हजारांत येते आणि आपल्या जुन्याच चाकावर बसते.

फिरणारे आरे हवा सतत घुसळत राहतात आणि त्या घुसळणीत आपली ताकद खर्च होते; चाकाच्या दोन्ही बाजू झाकल्या की हवा सपाट पृष्ठभागावरून निघून जाते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद आठपट होत असल्यामुळे, ९० किलोमीटरच्या सायकल टप्प्यात वेगाने जाणाऱ्याला याचा उपयोग अधिक होतो. औशापर्यंतच्या वीसेक किलोमीटरमध्ये पाठीमागून किंवा तिरका वारा असताना सायकल वेग धरून ठेवते, असा माझा अनुभव आहे. परंतु आज कव्हर लावून आणि उद्या काढून वेळ मोजणाऱ्यांनी त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, कारण आपल्याकडे वारा सकाळी सहाला एक आणि आठला दुसराच असतो.

बसवण्याचे काम पहिल्या वेळी दोघांनी मिळून करावे. एकाने चाक उभे धरायचे आणि दुसऱ्याने आऱ्यांच्या मधून नायलॉनचे स्क्रू घालून दोन्ही कव्हरे एकमेकांना जोडायची. कॅसेटच्या (मागच्या दातेरी चकत्यांच्या) बाजूचे आरे जास्त उभे आणि दुसऱ्या बाजूचे अधिक तिरपे असल्याने दोन्ही कव्हरांचा फुगवटा सारखा नसतो, म्हणून डावे-उजवे पाहूनच हात घालावा. मागवण्यापूर्वी रिमची खोली आणि ब्रेकचा प्रकार विक्रेत्याला अचूक कळवावा: रिम ब्रेक असेल तर ब्रेक पॅड टेकतात तो पट्टा उघडा राहिला पाहिजे, आणि डिस्क ब्रेक असेल तर रोटरसाठी (ब्रेकच्या धातूच्या चकतीसाठी) मधले छिद्र पुरेसे मोठे हवे.

व्हॉल्व्हसाठी ठेवलेली खिडकी या जोडीत फारच अरुंद आहे. साध्या पंपाचे तोंड तिथे शिरत नाही, त्यामुळे काटकोनात वळलेला जोड वेगळा घ्यावा लागला. आपल्या रस्त्यांच्या कडेला वेड्या बाभळीचे काटे किती असतात हे सांगायला नको. पंक्चर झाले तर टायर काढताना कव्हर आड येत नाही, पण ट्यूब बदलताना व्हॉल्व्हपर्यंत बोटे पोहोचायला हवीत. त्यासाठी खिडकीवरची टेप काढावी लागते, म्हणून परत चिकटवायच्या टेपचे दोन-तीन तुकडे मी सीटखालच्या पिशवीत ठेवतो.

माझी सर्वात मोठी चूक मात्र प्रवासात झाली. मे महिन्यात सोलापूरला जाताना मी कव्हरे कारच्या डिकीत सामानाखाली तिरकी ठेवली आणि गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली. संध्याकाळी एका कव्हराची कड बाक धरून बसली होती, आणि चाक फिरवले की ती फ्रेमच्या नळीला घासू लागली. रात्रभर गादीखाली सपाट दाबून ठेवल्यावर बाक बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. शेवटी ते कव्हर मी बदलून घेतले.

त्यानंतर ठरवलेली पद्धत आजवर चुकलेली नाही. सुमारे दोन फूट व्यासाची ही कव्हरे मी एकात एक बसवून मध्ये जुन्या सुती साडीचा तुकडा घालतो, दोन्ही बाहेरच्या अंगांना हार्डबोर्ड लावतो आणि सगळे गोधडीत गुंडाळून वर दोरी बांधतो. कारमध्ये हे बोचके सामानाच्या सर्वात वर आडवे राहते, आणि गाडी उन्हात थांबणार असेल तर मी ते सोबत उतरवून घेतो. गोव्याला ट्रॅव्हल्सने जाताना ते डिकीत न देता पायाशी उभे ठेवले, कारण तिथे इतरांच्या बॅगा कोणत्या बाजूने येऊन पडतील याचा भरवसा नाही. सायकल बॉक्समध्येच न्यायचे असल्यास कॅसेट आणि डिरेलरपासून (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेपासून) दूर, चाकाच्या सपाट बाजूला टेकवून ठेवावे. स्क्रू झाकणाच्या डबीत मोजून भरावेत आणि चार जादा ठेवावेत. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी परक्या गावात नायलॉनचा स्क्रू शोधणे अवघड असते.

वापरताना एक गोष्ट ठाम लक्षात ठेवावी: ट्रायथलॉनच्या नियमांनुसार असे कव्हर फक्त मागच्या चाकाला चालते, आणि वारा धोकादायक वाटला तर आयोजक तेही बंद करू शकतात. पुढच्या चाकावरचा आडवा वारा सरळ हँडल फिरवतो. मागे तसे होत नाही. तरीही तुळजापूरच्या वाटेवर मोकळ्या माळावरून उसाचे ट्रॅक्टर किंवा ट्रक शेजारून गेले की सायकल एकदम ढकलली जाते, म्हणून पहिले काही दिवस एअरो बारवरचे (पुढे झुकून कोपरे टेकवायच्या दांड्यांवरचे) हात खाली मूळ हँडलवर आणून सवय करावी. सायकल क्लबांच्या रस्ता शर्यतींत भाग घेणाऱ्यांनी आपले नियम आधी पाहावेत, कारण यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या शर्यतींत असे कव्हर चालत नाही.

खडबडीत रस्त्यावर कव्हर पिंपासारखे घुमते, आणि ऑक्टोबरमध्ये रस्त्यावर सोयाबीन मळलेले असले की भुसकट आत शिरून सळसळत राहते. त्यासाठी दर दोन आठवड्यांनी एक बाजू उघडून ब्रशने झाडून घ्यावी आणि स्क्रू हाताने, पाना न लावता, पुन्हा आवळावेत.