आठ फुटी जाळी की झटका मशीन?
ताडोब्याच्या बफरला, म्हणजे जंगलाभोवतीच्या पट्ट्याला, लागून मामेभावाचा चार एकर हरभरा आहे. परवा विचारत होता, चितळांपासून राखायला आठ फुटी जाळी मारू की शेताभोवतीच्या तारेत करंटचे झटके सोडणारं सोलरचं झटका मशीन बसवू?

खर्चात जाळी कितीतरी भारी: खांब, सिमेंट, मजुरी. पण एकदा मारली की वर्षानुवर्षं फारसं बघायला नको. झटक्याला रोजची राखण. तारेला गवत टेकलं की करंट जमिनीत उतरतो आणि चितळं रात्रीतून हरभऱ्याचे शेंडे खुडून मोकळी.

जनावराचं म्हणाल तर मी झटक्याच्या बाजूने. सेकंदाला साधारण एकदा, क्षणभरच करंट येतो. चितळ दचकून मागे फिरतं. जाळी नाल्याकडची वाट कायमची बंद करते. रानकुत्रे मागे लागले की कळप जाळीवर आदळतो, आणि आई कशीबशी पार झाली तरी पाडस अलीकडेच. (घरची लाईन थेट तारेत सोडणं हा तिसरा पर्याय नाही, गुन्हा आहे.)

रोपवाटिका, घरामागची भाजी असेल तर जाळी. उघडं शेत आणि रोज संध्याकाळी चक्कर मारणारा माणूस असेल तर झटका. फक्त पीक निघालं की नाल्याकडची तार काढून ठेव, भाऊ.