समुपदेशन केंद्र, पण उपदेश मिळाला नाही : ५ पैकी ४ स्टार

एक स्टार का कापला ते शेवटी सांगते, आधी आम्ही तिथे गेलोच का ते सांगायला लागेल नाहीतर बाकीचं काही कळणार नाही. घरात माणसं तीन, मी, नवरा आणि पंधरा वर्षांचा मुलगा, आणि बापलेक साडेतीन महिने एकमेकांशी बोलत नव्हते. आरडाओरडा नाही, भांडी आपटणं नाही, एकदम शांत. "आई, बाबांना सांग शनिवारी मला उशीर होईल." "त्याला सांग फी भरलीये." हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाचा निरोप मी पलीकडे हाताच्याच अंतरावर बसलेल्या माणसाला द्यायचा, आणि देताना त्यातले काटे काढून द्यायचा. पोस्टमनसुद्धा पत्र फोडून आतली भाषा सुधारत नाही हो, मी तेही करत होते.

केंद्र एका धार्मिक संस्थेचं आहे, नफ्यासाठी चालवत नाहीत, देणग्या आणि थोडीफार फी यावर चालतं. ती श्रद्धा आमची नाही. नवऱ्याची त्याची म्हणून थोडी आहे, माझी यथातथाच. पण तीन माणसांनी दर आठवड्याला खाजगी सायकॉलॉजिस्टकडे जायचं तर हिशोब बसत नव्हता, ऑफिसमधल्या एकीनं हे सुचवलं, म्हटलं बघू. जाताना डोक्यात हेच होतं की प्रवचन देतील, आपल्यात ओढायला बघतील, आणि स्वस्तात आहे म्हणजे कोणीतरी काकू बसवल्या असतील ज्या म्हणतील जाऊ दे गं, पुरुष असेच असतात. समुपदेशन या शब्दातच उपदेश आहे ना, मग तो मिळणारच असं धरून चालले होते.

पहिल्याच दिवशी फॉर्म. त्यात श्रद्धा कोणती हा रकाना होता पण पुढे ‘ऐच्छिक’ लिहिलेलं. त्याखाली प्रश्न, सेशनमधे प्रार्थना किंवा श्रद्धेबद्दल बोलणं हवंय का, आणि तीन चौकोन, हवंय, नकोय, नंतर सांगेन. मी नकोय वर टिक केली. नवऱ्यानं नंतर सांगेन. चिरंजीवांनी तिन्ही चौकोन सोडून बाजूला लिहिलं, ‘आईला विचारा’. मला तेव्हा हसू आलं. काउन्सेलर मॅडम मात्र ते वाचून हसल्या नाहीत, पेन्सिलनं त्याखाली एक छोटी रेघ मारली आणि फॉर्म बाजूला ठेवला.

फीबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात म्हणून सांगते. घरात येणारे पैसे किती आणि त्यावर जगणारी माणसं किती हे बघून फी ठरते, पुरावे मागत नाहीत, पावती मिळते. काहीच देता येत नसेल तर तसं लिहायलाही जागा आहे आणि काउंटरवर तो कागद उलटा ठेवून देतात, मागच्याला दिसू नये म्हणून. हे असलं बारीकसारीक मला आवडलं. मिळालेल्या फीत सगळा खर्च निघत नाही, बाकीचा देणगीतून, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

पहिल्या सेशनला आधी नियम, आणि ते आमच्याकडे नाही, मुलाकडे बघून सांगितले. तू माझ्याशी एकटा जे बोलशील ते मी तुझ्या आईबाबांना सांगणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्याकडून दुसऱ्या कोणाला धोका असेल किंवा कोणी तुझ्यावर अत्याचार करत असेल तर मला गप्प बसता येणार नाही, आणि तेव्हासुद्धा आधी तुला सांगेन. त्या वाक्यापर्यंत हा मोबाईलच्या कव्हरचा कोपरा कुरतडत बसला होता, तिथे त्यानं पहिल्यांदा मान वर केली.

मग आम्हाला एकेकटं आत घेतलं. मला विचारलं, घरात कोणाची भीती वाटते का, कोणी हात उचलतं का, पैसे आणि फोन कोणाच्या ताब्यात असतो, कोणाला भेटायला जायचं तर विचारावं लागतं का. मला रागच आला, आम्ही काय तसे लोक वाटलो का. घरी येऊन वाचल्यावर पटलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात आहे की जगात साधारण दर ३ बायकांमधल्या एकीला आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागलीये, आणि बहुतेक वेळा ती जोडीदाराकडूनच. तर मग हा प्रश्न सगळ्यांनाच विचारायला हवा, तोंडं बघून नाही. आणि मारहाण असेल तर ते नवराबायकोला एकत्र बसवतच नाहीत, कारण खोलीत बाई जे बोलेल त्याची वसुली घरी गेल्यावर होते. अशा बाईला वेगळं भेटतात, सुरक्षित कुठे राहता येईल, वकील कुठे मिळेल ते बघतात. धार्मिक संस्था म्हटल्यावर ‘जुळवून घे’ हेच ऐकायला मिळणार अशी माझी खात्री होती. ते उलटं निघालं, आणि माझ्यापुरतं केंद्र तिथेच पास झालं.

दुसऱ्या तिसऱ्या वेळेला एक मोठा कागद काढला. जीनोग्राम म्हणतात त्याला, वंशावळीसारखंच पण त्यात नाती कशी आहेत तेही काढायचं. पुरुष चौकोन, बाई गोल, घट्ट नातं असेल तर जाड रेघ, भांडण असेल तर नागमोडी, आणि बोलणं बंद असेल तर रेघ मधेच तोडायची. माझ्या बाजूला नागमोडी रेघांचं जंगल झालं, आम्ही सगळेच भांडकुदळ. नवऱ्याच्या बाजूला एकही नागमोडी नाही, नुसत्या तुटलेल्या. सासरे आणि त्यांचा भाऊ, सासरे आणि त्यांचे वडील, नवरा आणि त्याचा मोठा भाऊ. नवरा म्हणाला, "आमच्याकडे कोणी भांडत नाही हो." मुलगा म्हणाला, "हो, कारण कोणी बोलतच नाही." आणि मग तिघंही त्या कागदाकडे बघत बसलो. मॅडमनी पण काही बोलून ती शांतता भरून काढली नाही, याला मी एक वेगळा स्टार देईन.

यामागे मरे बोवेन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाचा विचार आहे असं कळलं. १९५४ ते १९५९ मधे त्यांनी तिथल्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत पेशंटबरोबर त्याच्या घरच्यांनाही हॉस्पिटलात राहायला आणलं आणि एकूण घर कसं वागतं ते बघितलं. त्यांचा त्रिकोण आम्हाला बरोब्बर लागू पडला. दोघांमधे ताण वाढला की ते तिसऱ्याला मधे ओढतात, ताण जरा विभागला जातो, सगळ्यांना बरं वाटतं, आणि म्हणूनच मूळ भांडण जागच्या जागी राहतं. तिसरा कोण ते सांगायला नको.

मला होमवर्क मिळालं, एक आठवडा एकही निरोप पोचवायचा नाही. बाकी दोघांना काहीच नाही! मी चिडले, म्हटलं घर मी धरून ठेवलंय आणि सुधारायचं पण मीच? मॅडम म्हणाल्या, "तुम्ही खूप धरलंय, म्हणूनच सांगतेय." आता हे वाक्य उपदेशात धरायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तो आठवडा वाईट गेला हे लिहायलाच पाहिजे, कारण अशा ठिकाणांचे रिव्ह्यू वाचले की वाटतं लोक आत रडत जातात आणि हसत बाहेर येतात. मुलाला रात्री आणायला जायचं होतं, ते त्यानं बाबांना सांगितलं नाही, मी जीभ चावून गप्प, पोरगं चाळीस मिनिटं रस्त्यावर उभं. घरी आल्यावर त्यानं दार आपटलं आणि नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. पुढच्या आठवड्यात शाळेचा एक कागद दोन दिवस टेबलावर पडून होता, तिसऱ्या दिवशी मुलानं तो बापापुढे सरकवला. "सही." "कुठे?" "इथे." साडेतीन महिन्यांनंतर तीन शब्दांचं संभाषण, मी स्वैपाकघरात गॅस बंद करून उभी, ऐकायला.

नवऱ्याच्या गप्प बसण्याचा मला जो अर्थ वाटायचा, की याला काही पडलेलीच नाही, तोही तिथेच चुकीचा निघाला. जॉन गॉटमन म्हणून जोडप्यांवर वर्षानुवर्षं संशोधन केलेले एक आहेत, त्यांचं म्हणणं की भांडताना हृदयाचे ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की माणसाला धड ऐकू येत नाही आणि धड बोलताही येत नाही, मग तो भिंत होऊन बसतो, आणि हे पुरुषांमधे जास्त दिसतं. उतारा म्हणजे किमान २० मिनिटांची सुट्टी, पण सुट्टी संपल्यावर परत यायचं. नवरा आधीपासून अर्धा भाग करतच होता, परत येणं तेवढं राहिलं होतं. आता घरात "वीस मिनिटं" असं म्हणून उठतात, दोघंही. मुलगा कधीकधी पंचेचाळीस घेतो, पण येतो. गॉटमनच्याच अभ्यासात असंही आहे की नवराबायकोच्या वादांपैकी ६९ टक्के कधीच कायमचे सुटत नाहीत, त्यांच्यासकटच राहायचं असतं. हे ऐकून बाकी लोक खचत असतील, मला सुटल्यासारखं वाटलं.

धर्म आणि काउन्सेलिंग ही जोडी आत्ताची नाही, कुतूहल म्हणून शोधलं तेव्हा कळलं. बोस्टनच्या इमॅन्युएल चर्चमधे एल्वूड वूस्टर या धर्मगुरूंनी १९०६ मधे डॉक्टरांना बरोबर घेऊन असं काम सुरू केलं होतं, आणि ब्रिटनमधे १९३८ ला जी मॅरेज गायडन्स कौन्सिल निघाली तिच्यामागेही हर्बर्ट ग्रे हे धर्मगुरूच. म्हणजे संसार मोडायला लागला की लोक आधी धर्मगुरूकडे जायचे, आणि त्यातल्या काही शहाण्यांना कळलं की आपल्याला हे शिकून घ्यावं लागेल.

केंद्राचं बाकीचं काम मला बाकावर बसून दिसलं. मंगळवारी घरचं माणूस गेलेल्यांचा गट असतो, ते आत गप्प जातात आणि बाहेर आल्यावर जिन्यात बराच वेळ बोलत उभे राहतात. लग्न ठरलेल्या जोड्या येतात, पैसे कोण सांभाळणार, आईवडील कोणाकडे राहणार असले प्रश्न लग्नाआधीच काढून बसतात, बिचाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी असतात. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी वेगळा गट आहे, त्या माणसानं यायचं नाकारलं तरी घरच्यांनी यायचं. लहान मुलांना खेळायला एक खोली आहे, ती नसती तर निम्म्या बायका आल्याच नसत्या. आणि दाराजवळ मोठ्या अक्षरात लिहिलंय की जिवाचं काही असेल तर इथे थांबू नका, थेट हॉस्पिटलला जा. औषधं ते देत नाहीत, गरज वाटली तर सायकियाट्रिस्टकडे पाठवतात. त्यांच्याच श्रद्धेचे किती आणि बाहेरचे किती येतात ते मी मोजलं नाही, पण बाकावर सगळे सारखेच अवघडून बसलेले असतात.

प्रार्थनेचं म्हणाल तर मला पुन्हा कोणीही विचारलं नाही. नवऱ्यानं नंतर सांगेन लिहिलं होतं, त्यालाही नाही. सातव्या की आठव्या वेळेला तो स्वतःच उठून शेजारच्या प्रार्थनेच्या हॉलमधे दहा मिनिटं बसून आला. मुलानं मला विचारलं, "बाबा कुठे गेले?" मला माहीत होतं. मी म्हटलं, "आले की विचार."

आता कापलेला स्टार. पाच आठवडे थांबावं लागलं पहिल्या अपॉइंटमेंटला, ज्यांच्या घरी आग लागलीये त्यांना हे फार आहे. आमच्या मॅडम ट्रेनी होत्या, हे आधी सांगतात आणि त्यांच्यावर सिनियर असतात, परवानगी घेऊन रेकॉर्डिंग करतात, त्यावर चर्चा होते, त्याला माझी ना नाही, उलट एकाच्या जागी दोन डोकी मिळतात. पण त्यांचं ट्रेनिंग दहाव्या सेशनला संपलं आणि नव्या सरांपुढे तो कागद पुन्हा उलगडायचा म्हणजे नको वाटलं, मुलानं तर दोन वेळा यायलाच नकार दिला. भिंती पातळ आहेत, शेजारी प्रार्थना सुरू झाली की आत रडणारा माणूस तालात रडतोय असं वाटतं. आणि स्वागताला एक स्वयंसेवक काका होते, ते बाकावर रडणाऱ्या एका बाईच्या हातात ‘क्षमा करा, मन हलकं होईल’ असं पत्रक देताना मी पाहिलं. तिचं काय झालंय हे माहीत नसताना! मी तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली. पुढच्या वेळी पत्रकं गायब होती. काका होते, पण आता ते फक्त पाणी देतात.

जायचं असेल तर फोन सकाळी पहिल्या तासातच करा, नंतर एंगेज लागतो. संध्याकाळची वेळ हवी असेल तर अजून थांबावं लागेल. आणि फॉर्म घरी नेऊन भरू नका, सगळ्यांना घेऊन जा आणि तिथेच ज्याचा त्यानं भरा. मी तिघांचे तिन्ही भरायला घेतले होते, काउंटरवरच्या बाईंनी हातातून दोन काढून घेतले.